बर्फाच्या गावात तवा शोधताना

आर्णीहून नागपूरच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा गाडीच्या डिकीत तीन बॅगा होत्या आणि माझ्या मांडीवर एक स्टीलचा थर्मास. बॅगा हरवल्या असत्या तर मी रडले असते. थर्मास हरवला असता तर मी परत फिरले असते. त्यात यांची इन्सुलिनची पेनं होती, खाली बर्फाचे खडे आणि वर रुमाल. ड्रायव्हरनं आरशातून पाहून विचारलं, थर्मासात चहा आहे का. हे म्हणाले, ताक आहे. नवरा इतक्या सहज खोटं बोलतो हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही मला दर वेळी नव्यानं कळतं.

यांचं आर्णीच्या मेन रोडला फवारणीचे पंप आणि ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. दिवसभर माणसं येतात. त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की दुकानाचा मालक दोन्ही जेवणांआधी पोटात सुई टोचून घेतो. मुलालाही ठाऊक नाही. अक्षयला गोळ्या माहीत होत्या. गोळ्यांच्या जागी सुया आल्या तेव्हा तो मिलानला नोकरीला लागला होता, आणि यांनी मला बजावून ठेवलं की पोराला सांगायचं नाही, तो तिकडची नोकरी सोडून येईल. गावाला का नाही सांगायचं, याचं कारण वेगळं. पंगतीत वाढणाऱ्यानं यांच्या पानापुढून बुंदीचं ताट तसंच पुढे नेलं, तर ते यांना सहन होणार नाही.

म्हणून आमच्या घरात एक रीत पडली. मी चुलीवर तवा चढवला की स्वयंपाकघरातून म्हणायचं, ‘तवा ठेवला’. बैठकीत कोणीही बसलेलं असो, हे ‘हात धुऊन येतो’ म्हणून उठतात आणि आतल्या खोलीत सुई घेतात. पहिली भाकर ताटात पडेपर्यंत औषधाला हवा तेवढा वेळ झालेला असतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बायको जेवायला बोलावते आहे. निघायच्या आदल्या दिवशी शेजारचे राऊत भाऊ निरोप द्यायला आले होते, तेव्हाही असंच झालं. हे आत गेले आणि राऊत भाऊ मला विचारत बसले, ‘वहिनी, इटलीत जाऊन राह्यले, पण तिकडं खासान काय?’ मी हसले. मलाही नेमकी तीच काळजी होती.

अक्षयनं मिलानहून आम्हाला मोटारीनं वर डोंगरात नेलं. घाट चढता चढता झाडं पांढरी झाली, मग छपरं, मग रस्त्याच्या कडा. आमच्या केळापूर-पांढरकवड्याच्या बाजूला दाट सागवान आहे, पण उन्हाळ्यात तेही निष्पर्ण होतं. इथली सूचिपर्णी झाडं मात्र हिरवीगार उभी होती, अंगावर बर्फ घेऊन. गावाचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. सगळीकडे रंगीत कपड्यांतली माणसं खांद्यावर बर्फात घसरायच्या लांब पट्ट्या घेऊन बुटांचा खडखडाट करत चालली होती. हे दृश्य सुंदर होतं, हे मी कबूल करते. पण माझं चित्त थर्मासात. यवतमाळच्या उन्हाळ्यात औषध तापून वाया जाऊ नये म्हणून मी काय काय केलं आहे. इथे ते गोठून वाया गेलं असतं. शेवटी मी पेनं थर्मासातून काढून यांच्या सदऱ्याच्या आत, अंगालगत बांधली.

पहिल्या संध्याकाळी कळलं की इथे भूक लागली म्हणून जेवायला मिळत नाही. आम्ही दिवेलागणीला बाहेर पडलो तर सगळी हॉटेलं दिवे लावून, टेबलं मांडून बंद. अक्षय म्हणाला, सातच्या आत कुणी चूल पेटवत नाही. त्या थंडीत आम्ही एका दारापुढे पाय आपटत उभे राहिलो. दार उघडलं आणि आत जे मिळालं ते मात्र त्यासाठी उभं राहण्याजोगं होतं. बीटाचं सारण भरलेल्या, नखासारख्या पातळ पारीच्या चपट्या करंज्या, उकडून लोण्यात घोळलेल्या आणि वर खसखस. खसखस पाहून यांचा चेहरा खुलला. म्हणाले, आपल्याकडे सणाला असते तेवढी यांनी रोजच्याला घातली. मी मात्र एक गोष्ट मनात नोंदवली. बसल्याबरोबर टेबलावर पावाची टोपली येते. म्हणजे इथे जागा मिळाली की पोटात काहीतरी पडतंच. हे मुतारीत जाऊन सुई घेऊन आले, पाव खाल्ला, सगळं सुरळीत झालं. मी निर्धास्त झाले, आणि तिथेच घात झाला.

दुसऱ्या दिवशी अक्षय वरच्या उतारावर घसरायला जाणार होता. त्यानं आम्हाला तारेवरच्या पाळण्यात बसवून डोंगराच्या मध्यावर आणून सोडलं. तिथे लाकडी घरांची छोटी वस्ती आहे, तीन-चार खानावळी आहेत. ‘आई, टेन्शन नको घेऊ. फिरा, जेवा, मी येतोच,’ म्हणाला आणि त्याच्या पट्ट्या घेऊन दिसेनासा झाला. त्यानं आम्हाला भाड्याची जाड जाकिटं घेऊन दिली होती. त्यामुळे माझा रोजचा कोट खाली हॉटेलच्या खुंटीवर राहिला, आणि कोटाच्या खिशात, यांची साखर उतरली तर लागणारी खडीसाखरेची डबी. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पाळणा निम्म्या वाटेवर होता. मी बोलले नाही. काय बोलणार? जेवायलाच तर चाललो होतो.

बर्फात चालायला वेळ लागतो. हे दर दहा पावलांवर थांबून फोटो काढत होते, मी मागून ‘चला, चला’ करत होते. पहिल्या खानावळीत शिरलो तेव्हा दुपार कलली होती. आत ऊब होती, माणसं बसून खात होती, आणि कोपऱ्यात विटांची मोठी भट्टी लालबुंद पेटलेली होती. खिडकीशी टेबल मिळालं. पेटलेली भट्टी पाहून माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘तवा ठेवला.’ हे उठले, हात धुऊन आले.

मग वाढणारी पोरगी आली. तिनं हसून आम्हाला काहीतरी सांगितलं, मग इंग्रजीत सांगितलं. कुचिना (म्हणजे स्वयंपाकघर) बंद झालं. आता थेट संध्याकाळी. भट्टी जळते आहे ती खोली गरम ठेवायला. पाव? पाव जेवणाबरोबर येतो. कॉफी आणू का?

पूर्ण जेवणाचं औषध यांच्या पोटात गेलं होतं आणि समोर रिकामं टेबल. आमच्या आर्णीत कुठल्याही हॉटेलात कुठल्याही वेळी जा, आलुबोंडा नाही तर शेव तरी हातात पडतेच. जेवणाची वेळ संपते म्हणजे काय, हेच मला माहीत नव्हतं. मी त्या पोरीला खरं सांगायला तोंड उघडलं आणि यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

‘नको सांगू. चाल, दुसरीकडं पाहू. हाय ना टाइम.’

तेव्हा मी तिथेच बसून साखर मागायला हवी होती. पण इतक्या वर्षांची ताकीद एका क्षणात मोडत नाही. आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या खानावळीत खुर्च्या टेबलांवर उलट्या टाकल्या होत्या. तिसरी वस्तीच्या टोकाला, चढावर. मी पुढे, हे मागे. मी सारखी वळून पाहत होते. आधी यांचं फोटो काढणं थांबलं. मग बोलणं थांबलं. मग मी वळले तर हे रस्त्याकडेच्या बाकावर बसले होते, हातमोजा काढून तळहाताकडे पाहत. कपाळावर घाम. त्या थंडीत, घाम. मी ‘उठा’ म्हटलं तर माझ्यावर खेकसले, की मी कुठंच येत नाही, मले दुकान उघडायचं हाय.

मी घाबरले. असं घाबरणं मला माहीत नव्हतं. फोन लावला, अक्षयचा लागेना. आजूबाजूनं रंगीत माणसं हसत घसरत जात होती आणि मला त्यांच्या भाषेत ‘थांबा’ म्हणता येत नव्हतं. हात जोडावे तर ती नमस्कार समजून हात हलवत होती.

तिसऱ्या खानावळीचं दार आतून लावलेलं होतं. काचेवर पाटी. आमच्याकडे हॉटेलाचं शटर अर्धं ओढलेलं दिसलं तर घरचं माणूस पुढून हाका मारत नाही, मागच्या दारानं जातं. वाढणाऱ्यांची जेवणं तेव्हाच चालतात. बाहेरच्यांचं आटोपलं की. मी विचार केला नाही, पायच मागे वळले. मागे लाकडं रचलेली होती, एक दार होतं, दाराच्या फटीतून वाफ येत होती. मी ते न ठोकता ढकललं.

आत चार-पाच माणसं एका लांब टेबलाभोवती जेवायला बसली होती. मध्ये तांब्याचं पातेलं. एक जाडजूड बाई, डोक्याला रुमाल बांधलेली, हातात पळी घेऊन उभी होती. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बाहेर बोट दाखवलं, जाकीट वर करून पोटात सुई टोचल्याची खूण केली, आणि जो शब्द मी कोणत्याच घरात, कोणत्याच पंगतीत उच्चारला नव्हता तो ओरडून म्हटला. डायबेटिस. माझे मिस्टर. डायबेटिस.

पुढचं फार भराभर झालं. त्या बाईनं पळी टाकली, एका माणसाला काही सांगितलं, आणि दोघं माझ्याआधी बाकापाशी पोचली. यांना दोन्ही बाजूंनी धरून आत आणलं. कुणीतरी संत्र्याच्या गोड सरबताची बाटली यांच्या ओठाला लावली. हे पीत होते आणि ती बाई लहान मुलाला पाजावं तशी यांची मान धरून होती. मग तिनं मला खुर्चीत दाबून बसवलं.

थोड्या वेळानं यांच्या डोळ्यांत ओळख आली. पहिलं वाक्य काय असावं?

‘कायले सांगतलं त्याईले?’

मी म्हटलं, ‘मंग काय बर्फात ठेवून जाऊ का तुमाले?’

आणि मी रडले. सगळ्यांसमोर, नाक पुसत. बाईनं यांच्यापुढे खोलगट ताटली ठेवली. तांब्याच्या पातेल्यातलं पिवळं, घट्ट, वाफाळतं काहीतरी, वर पातळ चीज आणि कोबीची भाजी. त्याला पोलेंता म्हणतात, मक्याच्या रव्याचा शिजवलेला गोळा. हे चमच्यानं ढवळून पाहत राहिले, मग खाल्लं, मग आणखी खाल्लं.

‘ह्या त आपल्या कण्या होय,’ म्हणाले. (कण्या म्हणजे भरडलेली ज्वारी शिजवून केलेला घट्ट भात. यांची आई ताकाबरोबर वाढायची.) ‘फक्त ज्वारीच्या नाही, मक्याच्या.’

इटलीत मी नंतर बरंच चांगलंचुंगलं खाल्लं. पण तुम्ही त्या बाजूला गेलात आणि चांगली खानावळ कोणती असं मला विचारलंत, तर मी तुम्हाला ते मागचं दार सांगेन.

अक्षयचा फोन लागला तेव्हा उन्हं उतरली होती. तो धापा टाकत आला. मी काही सांगायच्या आत रुमालवाल्या बाईनं त्याला सगळं तिच्या भाषेत सांगून टाकलं, पोटावर सुईची खूण करून, माझ्याकडे बोट दाखवून. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत होता. मग तो बापाशेजारी जमिनीवरच बसला.

‘बाबा, कधीपासून?’

यांनी त्याच्या टोपीवरचा बर्फ झटकला फक्त. खाली जाताना पाळण्यात आम्ही तिघं एका बाजूला दाटीवाटीनं बसलो, समोरचा बाक रिकामा ठेवून. उरलेले दिवस अक्षय आमच्याबरोबरच फिरला. प्रत्येक हॉटेलात शिरताना तो आधी चूल चालू आहे का विचारायचा, मग आम्हाला आत बोलवायचा.

परत आलो तेव्हा आर्णीत ऊन तापलं होतं, कापसाच्या गाड्या रस्त्यात उभ्या होत्या, सगळं जागच्या जागी होतं. संध्याकाळी राऊत भाऊ आणि त्यांची बायको इटली ऐकायला आले. हे बैठकीत बर्फाबद्दल, पाळण्याबद्दल, बीटाच्या करंज्यांबद्दल रंगवून सांगत होते. कुठेकुठे वाढवूनही सांगत होते. बाक आणि मागचं दार मात्र त्यात येत नव्हतं. मी आत ज्वारीचं पीठ मळत ऐकत होते आणि मला वाटलं, आलो आपण परत, जिथून गेलो होतो तिथंच. जीव पुन्हा टांगणीला. उद्या कुठल्या लग्नात पंगतीला उशीर झाला तर कोण मागचं दार उघडणार?

तवा चढवला. तोंडाला सवय असते. मी म्हटलं, ‘तवा ठेवला.’

बैठकीतला आवाज थांबला. ‘हात धुऊन येतो’ ऐकू यायची मी वाट पाहिली. खुर्ची सरकली नाही.

‘तव्याचं राहू दे,’ हे तिथूनच म्हणाले, मोठ्यानं. ‘आधी भाकर दाखव. मंग सुई घेतो.’

राऊत भाऊंनी कसली सुई म्हणून विचारलं. मला यांचं उत्तर ऐकू आलं नाही, कारण भाकर फुगली होती. मी ती तव्यावरून उतरवली, ताटात ठेवली आणि ताट घेऊन बैठकीत गेले.