दामोदरभाऊंची मूठभर राख

राख सावडून दामोदरभाऊंच्या सौंसरच्या घरी परतलो आणि नको तो शहाणपणा नेमका मलाच सुचला. लोटीत थोडी राख वेगळी ठेवली होती. म्हटलं, त्यांच्या लाडक्या संत्र्याच्या बुडाशी घालावी, म्हणजे झाडात तरी राहतील... खुरप्यानं आळं उकरलंही. तेवढ्यात ओट्यावरून बायको कडाडली, "अवो, काय करून राह्यले? भाऊच्या झाडाले राख?" सख्ख्या भावासाठी रडून घसा बसलेल्या बाईला एवढा आवाज कुठून आला, कोण जाणे. भेटायला आलेले पाहुणेही क्षणभर रडायचे थांबले.

दामोदरभाऊ शेतीखात्यात होते. उमेदीची वर्षं बस्तरात गेली. तिथल्या धो धो पावसात मातीतला चुना वाहून जातो, माती आंबट होते. राखेनं तो आंबटपणा मोडतो, म्हणून ते गावोगाव चुलीची राख शेतात घालायला सांगत. ऐंशी सालच्या पुढेमागे बदली होऊन सौंसरला आले आणि इथे मात्र राख घालणाऱ्यांचे हात धरू लागले. लोक म्हणाले, साहेब फिरले. मी पांढुर्ण्याला मास्तर, तरी मीही तेच म्हणालो. त्यावर त्यांनी आवारातल्या ढेकळावर माती तपासायच्या बाटलीतल्या तेजाबाचे थेंब टाकले. फसफस झाली.

"ऐकलं का जावईबापू? चुना बोलून राह्यला. इकडे पाऊस कमी, तो जाईन कुठं? वरून राख टाकाल तं झाड पिवळं पडते."

"आन् बस्तरात?"

"तिथची माती काहीच बोलत नाही..." म्हणाले, आणि बराच वेळ बाटलीला बूच लावत बसले.

त्यांना तिथे एकदा परत जायचं होतं. आपण राख घालायला लावलेली शेतं आता कशी पिकतात, ते डोळ्यांनी बघायचं होतं. आधी मुलीचं लग्न आलं, मग दमा बळावला... राहून गेलं.

बाकीची राख रामाकोन्याला नदीत सोडली. लोटी मात्र बायकोनं पांढुर्ण्याला आणली, तोंडाला फडकं बांधून फळीवर ठेवली. त्या लोटीकडे बोट दाखवायची माझी हिंमत होईना. परवा भीत भीत विचारलं, "हेही नदीवर नेऊन देऊ का?"

ती भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "नदीले कायले? दिवाळीच्या सुट्टीत आपून दोघं बस्तरले जाऊ. तिथच्या मातीले राख पाह्यजे."