पदवीच्या फोटोतला कान

रविवारी खांदेश्वरच्या घरी एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ दुरुस्त करून लावला. तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि मी मनाने थेट करावे गावातल्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर पोचलो.

तेव्हा मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो, घराण्यातला पहिला. चुलतभाऊ कॅमेरा घेऊन आला होता, रोलमध्ये एकच फोटो उरलेला. पण बाबा फोटोला बसेनात.

"पंधरावी झालास ना? मंग आधी आपला रेडिओ बोलता कर."

तो दोन वर्षं मुका होता. मी तुटलेली तार सोल्डर केली, बटण फिरवलं. काहीच नाही.

"म्हंजे नुसता कागदच आनलास," बाबा म्हणाले.

"थांबा हो बाबा, व्हॉल्व्ह तापू दे."

मग काचेमागे पिवळा उजेड चढत गेला, खरखर झाली आणि बातम्या देणारी बाई खणखणीत बोलली. बाबा मांडीवर थाप मारून तोंडभर हसले. भावाने नेमका तेव्हाच फोटो काढला.

त्यात बाबा आहेत, रेडिओ आहे. माझा फक्त कान आलाय. आठवडाभर मी भावाशी बोललो नाही. आता फोटोग्राफीचा नाद मलाही आहे, पण तसा एक फोटो अजून जमलेला नाही. कुणी पदवीचा फोटो मागितला, की मी तोच दाखवतो.