मोरीच्या पाण्यावरची केळ

लग्न होऊन मी खर्ड्याकडच्या या गावात आले, तेव्हा आमच्या मोरीचं पाणी गल्लीत सुटायचं आणि उतारानं थेट समोरच्या काकूंच्या दारात जाऊन साचायचं. त्यावरून दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. सासूबाईंचं म्हणणं एकच, "उतार काय आमी केलाय का?"

एका सकाळी काकू त्या शेवाळावरून घसरल्या. मी भांडी घासत होते, आवाज ऐकून तशीच धावले. हात पुढे केला, तर त्यांनी तो धरला नाही. भिंतीच्या आधारानं उठत म्हणाल्या, "राहू दे बाई. तुमच्याच घानीत पडलेय मी." त्यांचं मनगट मोडलं होतं. माझ्या हाताला साबणाचा फेस होता आणि त्यांच्या पातळालाही तोच लागलेला दिसला. इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

त्या दिवशी सासूबाई भाकरी अर्धी टाकून उठल्या.

मी नवऱ्याला म्हटलं, पाणी मागच्या परड्यात वळवू. तो म्हणाला, "परडं उंच हाय. पानी चढावर जातं का?" मग मीच टिकाव घेतला. दुपारची कामं उरकली की परड्यात मोरीपेक्षा खोल खड्डा होईल असा मुरूम खणायचा. दोन दिवसांत तळहाताला फोड आले. तिसऱ्या दिवशी सासूबाई घमेलं घेऊन आल्या. ते पाहून नवराही लाजला. त्यानं मोरीची फरशी उचलून खाली विटांचा थर दिला आणि उतार फिरवला. गल्ली कोरडी झाली.

परड्यात मी टोमॅटो आणि मिरची लावली. महिन्याभरात पानं कडेनं करपली. खड्ड्यात तेलाचा तवंग, शिळा भात, डास. सासूबाई पदर नाकाला लावून म्हणाल्या, "घान हिथून तिथं नेलीस, एवढंच." मला रडू आलं. त्यांचं खोटं नव्हतं.

पण खणलेलं बुजवायचं मन होईना. खड्ड्यापाशी बसून मी नुसतं बघत राहिले, काय काय वाहून येतंय ते. उष्टं आधी वेगळं काढायला लागले, ते कोंबड्यांना. मोरीच्या तोंडाशी भोकं पाडलेला डबा बसवला आणि त्यात नारळाच्या शेंड्या कोंबल्या. तेल तिथंच अडकायचं. खड्ड्यात खाली दगड, वर खडी, कोळसा आणि जाड वाळू भरली. भांड्यांना पावडरऐवजी राख. कपड्यांचं पाणी झाडांना न देता संडासात वापरायचं. शेंड्या दर आठवड्याला बदलायच्या. ते काम अजूनही मला आवडत नाही, पण चुकवत नाही.

या वेळी कर्दळ आणि अळू लावलं, पलीकडे केळीचा एक कोंब. खड्ड्याचा वास हळूहळू गेला. उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा यायचा, हंड्यांची रांग लागायची, तेव्हाही परड्यात सावली होती. आंघोळ करताना पाणी वाया चाललंय असं वाटायचं बंद झालं.

केळ व्याली, घड पिकला. सासूबाईंनी पहिली फणी सुपात ठेवली आणि कुणाला न सांगता समोर गेल्या. मी दारातून ऐकत होते.

"मोरीच्या पान्याची हाय," त्या म्हणाल्या. "चालत आसंल तर घे."

काकूंनी फणी उलटीपालटी करून पाहिली. मग एक केळ सोलून खाल्लं. "ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "बसा की वाईच."

आठवड्यानं काकू आमच्या परड्यात आल्या. डबा उचलून पाहिला, वाळू बोटांत चोळली. "आमच्या मोरीचं पानी पुढच्या घराला जातंय," त्या मला म्हणाल्या. "मला सांगशील का, कसं केलंस ते?"

आता त्यांच्या मागच्या अंगणात खड्डा चाललाय. मी सांगायला गेले, तर माझं कुणी ऐकेना. सासूबाई काठावर बसून काकूंना वाळू कशी हवी ते समजावत होत्या, आणि काकू म्हणत होत्या, "एवढी जाड न्हाई लागत वो, मी बघितलीय तुमची."