अमिताची चार पानं

अमिता आजवर किती वेळा मेली, हे तिलाही सांगता येणार नाही. मी तिला गळा दाबून, विष पाजून, बुरुजावरून ढकलून आणि एकदा तर नुसत्या दुःखानं मरताना पाहिलं आहे. मी प्रॉम्प्टर. विंगेत पुस्तक धरून उभं राहायचं आणि वाक्य विसरलेल्या पुरुषांना ते पुरवायचं, हे माझं काम. अमिताला कधी पुरवावं लागलं नाही. तिचं पाठांतर चोख, आणि मुळात तिला बोलायला असायचंच किती?

ती दिघ्याला राहते. कोळ्याची पोर, आईनं मासळी विकून वाढवली. लग्न टिकलं नाही. उत्सवात गावचे पुरुष नाटक बसवतात आणि बाईच्या कामाला बाई बाहेरून मागवतात, कारण घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावलेला चालत नाही. ही मागवलेली बाई म्हणजे अमिता. ती शेवटच्या दोन तालमींना येते, प्रयोग करते, जेवते आणि जाते. तोवर महिनाभर तिची वाक्यं मीच वाचतो, तोंडात तंबाखू ठेवून.

आमच्या मंडळांना जुन्या इंग्रजी नाटकांची भारी हौस. कुणी मास्तरांनी कधीकाळी मराठीत आणलेली. राजे, तलवारी, खून, पुरुषांना मिरवायला हवं ते सगळं. बाईनं मात्र संशय घेतला की रडायचं, टाकलं की वेडं व्हायचं, आणि लेखकाला पुढचं सुचेनासं झालं की मरायचं. पुरुष मरताना दोन पानं बोलतो. बाई आतल्या आत मरते आणि कुणी शिपाई येऊन तेवढी बातमी देऊन जातो. अमिता एकदा मला म्हणाली, "दादा, त्यांच्या देशात बायकांना मरन्याशिवाय दुसरा धंदा नव्हता काय?"

यंदा रबाळ्याजवळच्या एका गावानं जे पुस्तक काढलं त्याचं पहिलं पान फाटलेलं. लेखक कोण, देव जाणे. अकरा पुरुष आणि एकच बाई, म्हणजे एकच बाई मागवावी लागणार, एवढ्यावर ते ठरलं. ती बाई उमरावाची बहीण. बाप मेल्यावर भाऊ तिच्या अंगठीचा शिक्का कागदावर उमटवून सगळी जहागीर लाटतो. ती भर दरबारात त्याला जाब विचारते, सलग चार पानं. मग तो तिचा गळा दाबतो.

अमितानं वाचून मला फोन केला. "दादा, चार पानं हायत. मधी कोनी बोलत नाय." मग म्हणाली, "यातली एक ओळ कापली तर मी येनार नाय, सांगून ठेवा मंडळाला." तिला शेहेचाळिसावं लागलं होतं. पुढच्या वर्षापासून आपल्या वाट्याला आया-दाया येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मरायच्या आधी बोलायला मिळण्याची ही पहिली आणि शेवटची संधी. मंडळानं कबूल केलं, ओळ कापायची नाही.

उमराव होता विपुल, गावातला तीन इमारतींचा मालक. इकडे शहर वसवायला सरकारनं शेतं घेतली, त्यांच्या बदल्यात भूखंड मिळाले, भूखंडांवर इमारती चढल्या आणि कागदांवरून बहिणींची नावं गळाली. विपुलच्या थोरल्या बहिणीनं, भागीरथीनं, बापाच्या तेराव्यालाच हक्कसोड करून दिली. 'सरकारी कागद हाय, सही कर,' एवढंच त्यानं तिला सांगितलं होतं. आज ती भाड्याच्या खोलीत राहते. गावाला सगळं माहीत आहे. पण निम्म्या घरांत हेच झालेलं, त्यामुळे झाकली मूठ सवा लाखाची.

अशा गावानं हे नाटक निवडावं? पण त्यांच्या कानांवर ते गेलंच नव्हतं. महिनाभर ती चार पानं आली की मी वाचायचो, "बाई बोलते, बोलते, बोलते, मरते. पुढे." अमिता तालमीला आली तेव्हा विपुल फोनवर बोलत बाहेर गेला. "ताई, तुमी बिनधास्त बोला, मला नुसतं उभंच राहायचंय," म्हणाला. विलायतेतली भानगड, आपल्याला काय! मी मात्र ती पानं वाचली होती आणि गप्प बसलो होतो. मला बघायचं होतं.

दहाला भोंगे बंद करावे लागतात म्हणून नाटक सहालाच सुरू झालं. शाळेचं मैदान भरलेलं. पहिल्या रांगेत भागीरथी, भावानं घेतलेल्या नव्या साडीत. तिसऱ्या अंकात अमिता पुढे आली आणि शांतपणे म्हणाली, "बापाची चिता विझायच्या आधी तू माझा हात धरलास. मला वाटलं, भाऊ आधार देतोय. तू शिक्का शोधत होतास."

 मग बायका वळून भागीरथीकडे बघू लागल्या आणि पुरुष आपापल्या मोबाइलकडे. भागीरथी पदरानं वारा घेत होती, तो हात थांबला. अमिता पहिल्या पानाच्या शेवटाला आली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचत होता. भागीरथी खुर्चीतून उठून उभी राहिली.

विपुल पुढे झाला आणि त्यानं अमिताचा गळा धरला. खराखुरा. तीन पानं बाकी होती. तिनं त्याची मनगटं पकडली, पाय झाडले. लोकांना वाटलं, काय अभिनय! मी विंगेत चार हातांवर होतो. "पड," तो दातांतून म्हणाला. "पड आता."

ती पडली. वीस वर्षांची सवय, गळा दाबला की पडायचं. विपुलनं माझ्याकडे पाहिलं. मी तीन पानं उलटली आणि त्याला पुढचं वाक्य पुरवलं.

नंतरची पंचवीस मिनिटं अमिता तिथं मरून पडली होती. तिच्या डोक्याशी बसून विपुल रडला. 'बहिणी, तुझ्यावाचून हा महाल मला खायला उठतो' यावर त्यानं टाळी घेतली. पुढे बसलेले दोन-चार भाऊ डोळे पुसत होते.

शाळेच्या एका वर्गात रंगपट होता. अमिता बाकावर बसून पाणी गिळायला बघत होती. गळ्यावर बोटं उठली होती. विपुल शाल-श्रीफळ घेऊन आला. "ताई, काय मेलात, तोड नाय. पुढच्या वर्षी आईचं काम हाय, तुमीच करायचं."

त्याच्या मागून भागीरथी आत आली. भावाकडे न बघता सरळ अमितापुढे उभी राहिली. "बाय, ती आजून बोलनार व्हती नं? त्याच्या पुढं काय व्हतं?"

अमितानं माझ्याकडे पाहिलं. पुस्तक माझ्याच काखेत होतं. विपुल जागचा हलला नाही.

"काय नाय, मावशी," अमिता घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मरते ती."

भागीरथीनं मान हलवली, नव्या साडीचा पदर सारखा केला आणि गेली. मग विपुलनं शाल उलगडून अमिताच्या खांद्यांवर घातली, नीट गळ्यापर्यंत ओढून.