साडीवरचा शर्ट

शांघायची फॅशन सांगतोय म्हणजे मी विमानाने जाऊन आलो असं वाटलं ना? छे! आमच्या झरी गावात खाटेवर पडून मोबाईल बघतोय. तिथल्या पोरी रस्त्यावर लांब स्कर्टवर पुरुषांचे ढगळ शर्ट घालून मिरवतात.

आमची आई तशीच घोलवडला वाडीत चिकू तोडायला जायची. साडीवर बाबांचा निळा शर्ट, त्यावर चिकाचे डाग. उन्हासाठी घालते, असं मला तेव्हा वाटायचं.

बाबा गेले त्या वर्षी मी झाडामागून त्यांच्यासारखाच खाकरलो. "ऐकतेस का गं?"

"आले, आले," म्हणत आई टोपली टाकून वळली. समोर मी. सोबत चिकू तोडणाऱ्या बाया हसल्या, ती नाही.

घरी आल्यावर मात्र बरसली, "मेल्या, गावाच्या नकला कर, त्यांची नको! मी खरंच वळले ना रे!"