वैमानिक लेकीची पाठ आणि माझी सावरीची उशी

“एल-वन कॉम्प्रेशन फ्रॅक्चर,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या चौकटीवर लावली. एल-वन म्हणजे कमरेचा पहिला मणका. तो वरून आलेल्या दाबाने पुढच्या बाजूला चेपला गेला होता. वरचे आणि खालचे मणके विटांसारखे चौकोनी दिसत होते. हा एकटाच पाचरीसारखा झाला होता.

ही फिल्म माझी मुलगी गार्गी हिची. वय एकतीस. मुंबईपासून दूर, एका लहान धावपट्टीवर, ती विमान चालवायला शिकवते. विमाने एका इंजिनाची, शेजारी शेजारी दोन माणसे बसतील एवढीच. तिच्याकडे शिकणाऱ्या एका चाळिशीच्या गृहस्थांनी उतरताना विमानाचे नाक अंमळ लवकर उचलले. वेग तुटला आणि विमान पुरुषभर उंचीवरून धावपट्टीवर आदळले. त्या गृहस्थांची कंबर चार दिवस धरली, एवढेच. गार्गीला मात्र रुग्णवाहिकेतून मुलुंडच्या रुग्णालयात आणावे लागले.

“मज्जारज्जूला धक्का नाही, हे मोठं नशीब,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सध्या ऑपरेशन नको. काही दिवस सपाट झोपवू, मग ब्रेस घालून उभं करू आणि उभ्याने एक्स-रे काढू. उभं राहिल्यावर मणका आणखी वाकला, तर मात्र स्क्रू घालावे लागतील. मग विमानाचं काय ते मी आज सांगू शकत नाही.” नंतर गार्गीकडे वळून त्यांनी विचारले, “सीटवर खाली काय होतं?”

“सीटच होती,” गार्गी घाईने म्हणाली.

मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर पूजा, जप आणि थोडे वाचन एवढाच माझा दिनक्रम. रुग्णालयाची मला सवय नव्हती. पुढे ज्यांच्यावर अशी वेळ येईल, त्यांना माझ्या चुकीचा तरी उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले पाच दिवस ‘लॉग रोल’चे गेले. रुग्णाला ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवणे, म्हणजे लॉग रोल. तीन जणांनी एकाच वेळी हात लावायचा. खांदे, कंबर आणि पाय एका रेषेत राहिले पाहिजेत. माझी पत्नी सुलभा हे दोन दिवसांत शिकली. मी मात्र दर वेळी आधी डोळे मिटायचो.

“अहो, डोळे उघडे ठेवून धरा,” ती म्हणे. “पूजा नाही चाललेली.”

सहाव्या दिवशी गार्गीला तिच्या संस्थेचे पत्र आले. झाल्या प्रकाराचा वृत्तान्त आणि आसनांविषयीच्या सूचना लेखी हव्या होत्या. ती उताणी, लिहिणार कशी? मी वही घेऊन बसलो. तिने सांगावे, मी लिहावे. लहानपणी मी तिला शुद्धलेखन घालत असे. आता ती मला घालू लागली.

तिने सांगितले की, त्या विमानांच्या आसनांतला फोम दबून पत्र्यासारखा झाला आहे. दिवसाला पाच-पाच उड्डाणे झाली की माकडहाड ठणकते, पायांना मुंग्या येतात आणि उतरताना लक्ष धावपट्टीवर कमी, पाठीवर जास्त जाते. म्हणजे बसण्याचे सुख हा चैनीचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाच आहे. आसन पुढेमागे सरते, पण वर होत नाही; बुटक्या वैमानिकाला समोरचे दिसत नाही. आसनाची खीळ झिजली आहे. खांद्याचे पट्टे जुने झाले आहेत. मी लिहून वाचून दाखवले: “आसनतलातील आघातशोषक द्रव्य क्षीण झाले असून...”

ती हसली आणि लगेच कळ येऊन थांबली. “बाबा, हसवू नका ना! आमचे इंजिनीयर हे वाचून भटजींना फोन करतील. ‘फोम बसलाय’ एवढंच लिहा.”

मी खोडून तसे लिहिले. मग सहज विचारले, “आणि उशीबद्दल काय लिहू?”

ती छताकडे पाहत म्हणाली, “ते राहू दे.”

त्या उशीबद्दल सांगायला हवे. गार्गीची उंची जेमतेम पाच फूट. गेल्या खेपेस ती घरी आली, तेव्हा पाठ धरून बसली होती. घडी केलेली चादर खाली घेऊन विमान चालवते म्हणाली. आमचे मूळ गाव मालवणजवळ. तिथे परसात सावरीचे झाड आहे. सावरीचा कापूस रेशमाहून मऊ. मी गावाहून तो मागवला, गादीवाल्याकडून चार बोटे जाड उशी करून घेतली आणि जो मुकटा नेसून मी वर्षानुवर्षे पूजा केली, त्या रेशमी वस्त्राचा अभ्रा शिवून घेतला. एकवीस दिवस त्या उशीवर बसून मी जप केला आणि मग ती गार्गीला दिली. लेक आकाशात असेल तेव्हा माझा जप तिच्याखाली असावा, एवढीच इच्छा होती.

“गार्गी, त्या दिवशी उशी खाली होती?”

“होती.”

“मग डॉक्टरांना का नाही सांगितलंस?”

“कारण तुम्ही तिथे उभे होतात.”

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी राउंडच्या वेळी डॉक्टरबाईंना बाजूला घेऊन सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले.

“काका, खरं सांगू ना?”

“सांगा.”

“विमान आदळलं, तेव्हा सीट थांबली. पण तुमची मुलगी थांबली नाही. ती कापसातून खाली येत राहिली. कापूस पूर्ण दबला आणि मग थांबलेली सीट तिला एकदम लागली. अशा वेळी धक्का कमी होत नाही, वाढतो. शिवाय ती खाली गेली की पोटावरचा पट्टा सैल पडतो. उशीमुळेच मणका गेला असं मी लिहून देणार नाही. उशी नसती तर काय झालं असतं, ते कुणालाच माहीत नाही. पण उशीने मदत केली नाही.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मऊ म्हणजे चांगलं, असं सगळ्यांनाच वाटतं. माझ्या आईची गादीसुद्धा मला भांडून काढावी लागली.”

त्या दुपारी मला माझाच एक धडा आठवला. ‘सुख’ शब्दाची एक जुनी व्युत्पत्ती मी मुलांना सांगत असे. ‘ख’ म्हणजे पोकळी, आकाश. तसेच रथाच्या चाकातले आस घालायचे भोकही. ते भोक आसाला नेमके बसले की रथ हिसके देत नाही, तेच ‘सु-ख’. त्यात मऊपणाचा उल्लेख कुठेही नाही. नेमके बसण्याचा आहे. चाळीस वर्षे हे फळ्यावर लिहिले आणि स्वतःच्या मुलीला सुख द्यायची वेळ आली, तेव्हा कापूस भरला.

संध्याकाळी मी वही उघडून शेवटची सूचना स्वतः लिहिली: ‘घरून आणलेली कोणतीही मऊ उशी आसनावर घेऊ देऊ नये. ती प्रेमाने केलेली असली तरीही.’ गार्गीला वाचून दाखवली.

“शेवटचं वाक्य काढा, बाबा. रिपोर्ट आहे तो.”

“राहू दे.”

“बरं, राहू दे,” ती म्हणाली आणि तिने माझे बोट धरले. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसे.

नवव्या दिवशी ब्रेस आला. ब्रेस म्हणजे छातीपासून कमरेपर्यंत घट्ट बसणारे कठीण कवच. ते घालून गार्गीला उभे केले आणि एक्स-रेच्या खोलीत नेले. दार बंद झाले. या एका चित्रावर सगळे ठरणार होते. मी बाहेरच्या बाकावर बसलो. नामस्मरण करू पाहिले, पण नाम ओठांवर टिकेना. वॉर्डात काम करणाऱ्या मालवणच्या मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या.

“आजोबानू, रडतास कित्याक? चेडवाच्या पायाची बोटां हलतत ना?”

“हलतात.”

“मगे? ह्या वॉर्डात बोटां हलाची म्हणान लोक नवस बोलतत. चाय घेवा आधी.”

मी चहा घेतला. तेवढ्यात डॉक्टरबाई फिल्म घेऊन आल्या. “मणका जिथे होता तिथेच आहे. स्क्रू नकोत.” मी हात जोडले. त्या म्हणाल्या, “मला नाही, ब्रेसला जोडा. तीन महिने काढू देऊ नका.”

घरी आल्यावरचे तीन महिने रुग्णालयाहून कठीण गेले. वाकायचे नाही, उचलायचे नाही, वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचे नाही. गार्गी चिडे, सुलभावर ओरडे, मग रडे. बरे होणे सरळ रेषेत होत नाही. एखादा आठवडा मागे जातो. त्यामुळे काळजीवाहकाने रोज मोजमाप करू नये. ब्रेस निघाल्यावर पाठीच्या स्नायूंचा व्यायाम सुरू झाला आणि वैमानिकांच्या वैद्यकीय तपासणीत ती दोनदा थांबवली गेली. तिसऱ्या खेपेस उड्डाणाची परवानगी मिळाली.

मधल्या काळात संस्थेने आसने बदलली. नवा फोम सावकाश दबतो आणि धक्का बसताच घट्ट होतो. तो विमानासाठी तपासून मान्य झालेला आहे. बुटक्यांसाठी बैठकीची उंची वाढवणारी कठीण पट्टी आली आणि पट्टे नवे आले. गार्गीने आम्हाला मुद्दाम बोलावले. उभ्या विमानात मला तिच्या जागेवर बसवून तिने पट्टे ओढले.

“श्वास घेता येतोय?”

“येतो आहे.”

“मोकळा?”

“हो.”

“मग सैल आहे,” म्हणून तिने आणखी ओढला.

ते आसन मऊ नव्हते. पण मांड्यांना, कमरेला, पाठीला सगळीकडून सारखे लागत होते. कोणीतरी जाणत्याने धरावे तसे.

मग ती स्वतः बसली आणि उडाली. मी आणि सुलभा हँगरच्या सावलीत उभे होतो. उतरताना चाके टेकली, किंचित उसळली, पुन्हा टेकली. शेजारचे इंजिनीयर पुटपुटले, “जरा लागलं.” सुलभाने माझा दंड घट्ट धरला. या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

विमान थांबले. गार्गी पंखावरून उतरून आमच्याकडे चालत आली.

“पाठ?” मी विचारले.

“पाठ? अहो बाबा, विसरलेच होते मी. तुम्ही आठवण केलीत.”

तिने विसरावे, याहून अधिक मी देवाकडे काही मागितले नव्हते.