सासूबाईंचं इंग्रजी नॉव्हेल

आमच्या सासूबाई खोटं बोलायच्या.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. नैवेद्य दाखवला, फोटोला हार घातला, मगच लिहायला बसले.

त्यांच्या पोथ्यांखाली जुन्या खणात गुंडाळलेलं एक इंग्रजी नॉव्हेल असायचं.

मी अकरावी मॅट्रिक. प्रत्येक गोष्ट पडताळायची खोड. लग्न होऊन आल्यापासून संशय होता, रोज माळ ओढणाऱ्या बाईला हे कशाला?

एका एकादशीला भगर निवडताना विचारलंच.

स्वातंत्र्याच्या चारेक वर्षं आधीची गोष्ट. त्यांचं माहेर भाटघरचं. वडील वारलेले, भाऊ नाही. नॉव्हेल भोरच्या शाळेतल्या बाईंनी वाचायला दिलेलं.

त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण लेक काय वाचते यावर नजर होती.

"इंदे, काय हाय त्यात?"

"एका पोरीचं लगीन जमिवत्यात."

"मग मोट्यानं वाच. मराटीत."

त्याच आठवड्यात विंझरचं स्थळ आलं. माणूस बोलायला गोड. यांचं नदीकाठचं रान त्यानं दोनदा फिरून बघितलं. मुलीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

आई खूश. मुलीनं नाही म्हणायची तेव्हा रीत नव्हती.

मग रोज दुपारी सासूबाईंच्या वाचनात नॉव्हेलमधला साहेबही तसाच वागायला लागला. गोड बोलायचा. बागेची चौकशी करायचा. मुलीचं नाव विसरायचा.

तीन दुपारी आई नुसती ऐकत होती.

चौथ्या दिवशी विंझरचा पाहुणा आला. चहा देता देता आई म्हणाली, "रान देवाला द्यायचं म्हंतीया म्या. पोरगी तेवढी घिऊन जावा."

पाहुणा परत फिरकला नाही.

आई नंतर एवढंच म्हणाली, "तीन दिस येकच पान वाचत हुतीस. उलटायचं तरी गं."

मी विचारलं, "मग पुस्तकात खरं काय होतं?"

"तिथं ती त्याला हो म्हणते. सगळी खूश. शेवट गोड म्हणे."

भगरीतला खडा बाजूला काढला. मग म्हणाल्या,

"त्या पोरीला आई नव्हती गं."

आज ते पुस्तक हातात घेतलं. हेही त्यांनी रचून सांगितलं असेल, असं अजून वाटतं. शेवट पडताळायला किती वेळ लागतो?

उघडलं नाही. तसंच खणात गुंडाळून पोथ्यांखाली ठेवलं.

सासूबाई, तुम्ही सांगितलात तोच शेवट.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.